आतला एसी

दुसरा एसी चालू केला की जनरेटर घुसमटायचा आणि बंद पडायचा. पुन्हा तसंच झालं, तेव्हा डॉक्टरांनी हातमोजे काढून ठेवले.

चाकणच्या शाळेच्या मैदानात पांढरी व्हॅन उभी होती. आत दोन खोल्या. आतल्या खोलीत कुटुंब नियोजनाची ऑपरेशनं, बाहेरच्या खोलीत नंतर बायकांना निजवायचं. दोन्हींना एकेक एसी. सन ऐंशीचा मे महिना, गावातली वीज सकाळपासून गेलेली, आणि पत्र्याची ती व्हॅन तव्यासारखी तापलेली.

"दोन्ही न्हाई वढत, सायेब," जनरेटरवाला कोंडाजी दोरी गुंडाळत म्हणाला. "एक हाय तवर गुमान चालतंय. दुसऱ्याचं मशीन लागलं की बसलंच खाली. म्हातारा बैल हाय ह्यो, दोन गाड्या कशा वढंल?"

"मग राहू दे. पुढच्या महिन्यात येऊ," डॉक्टर म्हणाले.

रांगेतल्या बायका उठल्या. काहींच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता. अरुंधती उठली नाही. तिने मांडीवरच्या मुन्नाला छातीशी धरलं. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून ती पिंपरीहून एसटीने इतक्या लांब आली होती. तिचा नवरा सुरेंद्र कंपनीच्या कामाला मद्रासला गेलेला, उद्या परतणार होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो आला की घराबाहेर पडणं जमणार नव्हतं, आणि पुढच्या महिन्यापर्यंत कदाचित उशीर झालेला असता.

"डॉक्टर, आतलाच एसी लावा," ती म्हणाली. "मी नंतर बाहेर झाडाखाली पडून राहीन."

"बाहेर? धूळ, माश्या... एवढी घाई कसली हो बाई तुम्हाला?"

"पुढच्या महिन्यात मुलांना कोण सांभाळणार?"

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "शिकलेल्या दिसता."

"बी.एस्सी."

"बरं. विमलबाई, घ्या यांना. कोंडाजी, फक्त आतला."

नर्स विमलबाई तोंडाची फटकळ होती. तिने व्हॅनच्या पायरीवरच विचारपूस सुरू केली.

"मुलं किती?"

"दोन. ही गुड्डी, हा मुन्ना."

"धडधाकट आहेत ना? दोन मुलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय आमचे डॉक्टर हात लावत नाहीत. म्हणून तर बरोबर आणायला सांगतो."

"आणलीत की."

मुन्ना हात पसरून सलिमाकडे झेपावला. सलिमा अरुंधतीची शेजारीण, मेकॅनिक जहीरची बायको. डोक्यावरचा पदर घट्ट धरून ती सोबतीला आली होती, आणि अरुंधतीपेक्षा तीच जास्त घाबरलेली दिसत होती.

"शेजारणीचा भारीच लळा दिसतोय पोराला," विमलबाई हसली.

"तिच्याकडेच असतो दिवसभर," अरुंधती म्हणाली.

"आणि तू गं पोरी? केव्हाची बघतेय, तोंडातून चकार शब्द नाही. आमच्या घरच्या बडबड्या भवानीला दे की थोडी अक्कल उसनी!"

गुड्डीने सलिमाकडे पाहिलं आणि ओठ आणखी मिटून घेतले.

"घरी सासू आहे ना? चार दिवस आराम लागेल."

"आहे. माझी सख्खी आत्याच."

"मग काय, घरच्या घरातच लग्न! लाडच लाड असतील सुनेचे."

"हो," अरुंधती म्हणाली. "फार."

आत गार होतं. कमरेखालचा भाग बधिर झाला, तरी अरुंधतीचे कान जागे होते. एसीचं मशीन लागलं की बाहेर जनरेटरचा आवाज जड व्हायचा, सुटलं की हलका. ती प्रत्येक चढउतार ऐकत होती. कितीतरी रात्री ती अशीच कान लावून बसली होती, निजलेल्या बाळाच्या श्वासाला.

मध्येच कोणीतरी पलीकडच्या खोलीतला पंखा लावला. जनरेटर घुसमटला. डोक्यावरचा दिवा पिवळा पडला.

"थांबा सगळे," डॉक्टर म्हणाले.

"थांबू नका," अरुंधती म्हणाली. "पाया पडते डॉक्टर, आता थांबू नका."

"कुनी रं त्यो पंखा लावला?" बाहेरून कोंडाजी ओरडला आणि त्याने एक कचकचीत शिवी हासडली. पंखा बंद झाला. आवाज पुन्हा जड झाला, आणि तसाच टिकला.

"झालं," बऱ्याच वेळाने डॉक्टर म्हणाले. "मिटली तुमची काळजी."

अरुंधतीच्या कानशिलांवरून पाणी ओघळलं.

"दुखतंय का?" विमलबाईने विचारलं.

"नाही."

ठरल्याप्रमाणे तिला कडुनिंबाखाली सतरंजीवर निजवलं. सलिमा पदराने माश्या वारत शेजारी बसून राहिली. ऊन कललं तेव्हा विमलबाई शेवटची चक्कर टाकून गेली.

"जड काही उचलायचं नाही. पोरगं रडून लाल झालं तरी कडेवर घ्यायचं नाही, कळलं?"

"नाही घेणार."

कोंडाजीने जनरेटर बंद केला. व्हॅन धूळ उडवत मैदानाबाहेर पडली. इतकं शांत झालं की रस्त्यावरच्या एसटीचा गिअर बदललेला ऐकू आला.

गुड्डीने सलिमाचा पदर ओढला.

"अम्मी, आता बोलू?"

"बोल बेटा," सलिमा म्हणाली. मग मुन्नाला उराशी कवटाळून तीच रडायला लागली. "माफ करा भाभी. माझी दोन्ही अशी समोर आणून बसवली तुमच्या..."

अरुंधतीने तिच्या पाठीवर हात ठेवला. घरी आत्यांनी कालच पाळणा पुसून त्याला नवी दोरी बांधली होती. तिची आधीची दोन्ही बाळं, नात्यातल्या लग्नातून आलेल्या दुखण्याने रक्त आटत आटत, ज्या पाळण्यातून पवनेकाठच्या मातीत गेली, त्याच पाळण्याला.