अर्धी भिंत

शिवणवाल्या काकूंच्या परदेशातल्या नातीला फ्रेंचखेरीज काही कळत नसे. फोनवर दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसायच्या. शेजारच्या खोलीत फ्रेंचची शिकवणी चाले, पण फी ऐकूनच घाम फुटावा! मग काकूंनी मशीन त्या भिंतीला लावलं आणि शिवता शिवता मास्तरांमागून वाक्यं घोकायला सुरुवात केली. मास्तर खोकले, की त्याही खोकत. तोही भाषेचाच भाग असणार, अशी त्यांची पक्की समजूत. एकदा खोकल्याला भिंतीतून जबाब आला, तसे मास्तर तरातरा दारात आले. “काकू, हे फुकटचं शिकणं बंद!” “भिंत अर्धी माझी, मास्तर. माझ्या अर्ध्यात आलेलं मी ऐकणारच!” दुसऱ्या दिवशी मास्तर आदल्या दिवशी अर्धी राहिलेली गोष्ट मुद्दाम कुजबुजत शिकवू लागले. लगेच भिंतीवर कात्री आपटली आणि पलीकडून फ्रेंचमध्ये आरोळी आली, “मास्तर, मोठ्यानं! नातीला गोष्ट सांगतेय, राजकन्या अजून विहिरीतच आहे!”