चालायचे बूट

राजारामपुरीतल्या बुटांच्या दुकानात आकारामअण्णांनी पिशवीतनं लेकाची चप्पल काढून काउंटरवर ठेवली. "ह्या मापाचे बूट द्या. चालायचे. एकदम टिकाऊ."

"रोज चालणार न्हवं, पावणं? लोक हौसेनं नेत्यात आणि चार दिवसांत माळ्यावर टाकत्यात."

"डॉक्टर कवापासनं सांगत हुते चालायला. सम्राट म्हणायचा, उद्यापासनं."

"मग हे घड्याळ बी न्या की. किती चाललं ते सांगतंय, काळजाचे ठोके बी मोजतंय."

अण्णांनी घड्याळ हातात घेतलं. बराच वेळ बघत राहिले आणि परत ठेवलं. "ते नको. बूटच द्या."

"असं करा, उद्या त्यालाच घेऊन या. पायात घातल्याबिगर बुटाचं खरं माप कळत न्हाय."

"उद्या त्याचं बारावं हाय," अण्णा म्हणाले. "भटजींनी दानात पायताण द्यायला सांगितलंय. गेलेल्या माणसाला पुढं लई लांब चालायचं असतंय म्हणं."

दुकानदारानं सगळ्यात मजबूत जोड काढून दिला. अण्णांनी बुटात हात घालून तळ दाबून बघितला.

"ह्याच्यापेक्षा मऊ बघा की जरा. त्याला चालायची सवय न्हाय."