पाचवा परवाना

“काका, परवाने पाचच आहेत. रांगेत थांबा,” साहेब पडद्यावरून नजर न काढता म्हणाले.

त्यांनीच आमचे जुने संगणक काढून ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर एका सर्व्हरवर नेलं होतं. त्या एका यंत्रात आता आठ जणांचे आठ आभासी संगणक चालत, पण सॉफ्टवेअर वापरायचे परवाने पाचच, म्हणून एका वेळी ते पाच जणांनाच उघडता येई. त्यामुळे एस.टी.च्या सीटवर रुमाल टाकावा तसं सगळे आल्या आल्या ते उघडून ठेवत. पहिला रुमाल साहेबांचा. त्यांना साधी रेघ ओढता येत नसे. मी काढलेला गिअरबॉक्स ते दिवसभर पडद्यावर गरगर फिरवत बसत, जत्रेतल्या पाळण्यासारखा.

त्यातल्या एका भोकाचं माप मला दुरुस्त करायचं होतं. बारा वाजता गिऱ्हाईक ड्रॉइंग पास करायला येणार होतं; चूक राहिली तर ऑर्डर जाणार. मी पुन्हा दोनदा साहेबांच्या दाराशी गेलो आणि दोन्ही वेळा नुसता खाकरून परतलो. कदाचित माझंच काही चुकत असेल, असं वाटत राहिलं.

बाराला गिऱ्हाईक आलं. साहेबांनी ऐटीत गिअरबॉक्स फिरवून दाखवला. गिऱ्हाइकानं पडद्यावर बोट ठेवलं. “या भोकात आमचा शाफ्ट जाणार कसा?”

साहेबांचा हात थांबला. “काका! अहो काका, लवकर या, हे दुरुस्त करा!”

मी चष्मा पुसून पुन्हा घातला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच माझा आवाज शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचला.

“मी रांगेत आहे, साहेब.”