तिवरांपुढची वाळू

"हलू नका!" शाझली मागून ओरडला. "टाचेपाशी बघा आधी."

इज्लाल थिजली. तिचं सगळं लक्ष समोरच्या चिखल्या पक्षिणीकडे होतं. बिचारी एक पंख वाळूत घासत, धडपडत चालली होती आणि इज्लाल कॅमेरा घेऊन तिच्यामागे. तिने खाली पाहिलं. टाचेपासून वीतभर अंतरावर, वाळूच्याच रंगाची दोन पिल्लं अंग चोरून बसली होती.

"पंख मोडलाय हो तिचा."

"कसला मोडतोय! नाटक आहे सगळं." म्हातारा दात काढून हसला. दात तरी किती, चारच. "समोरचं जखमी दिसलं की शिकाऱ्याची अक्कल चरायला जाते. तुम्ही तर पक्ष्यांच्या डॉक्टर, तरी गेलातच ना मागं?"

हसत-हसतच तो खडक चढून वर गेला. सत्तरी गाठलेला माणूस, पण चढणं शेळीचं. पस्तिशीची इज्लाल धापा टाकत पोचली, तेव्हा त्याची आल्याची कॉफी उकळायला लागली होती.

तांबड्या समुद्रातल्या त्या उजाड बेटावर दोघंच होती. ती पक्ष्यांच्या नोंदी ठेवायला आलेली, तो वर्षानुवर्षांचा पहारेकरी. ऑगस्ट सरत आला होता आणि कड्याच्या कपारीत करड्या ससाण्याची तीन पिल्लं होती. त्यांना उडायला अजून तीन आठवडे तरी हवे होते.

गेल्या वर्षी याच दिवसांत एक बोट आली आणि कपार रिकामी करून गेली. चोरांना नेमकी जागा ठाऊक होती. सांगितली कुणी? बेटावर शाझलीशिवाय माणूस नव्हता, आणि तो म्हणे झोपला होता. यंदा निघताना खात्याच्या साहेबांनी इज्लालला बाजूला घेतलं. "पक्ष्यांवर नजर ठेव, आणि म्हाताऱ्यावरही. कुंपणच शेत खातंय का ते बघ."

तिला ते पटलं नव्हतं. पण परवा तिने त्याला एका अनोळखी होडीशी बोलताना पाहिलं. विचारलं तर म्हणाला, "पाणी मागत होते." तिने गुपचूप जाऊन पिंपात डोकावून पाहिलं. पाणी होतं तेवढंच होतं.

बेट ते एवढंसं. म्हातारा फिरलाच, तर पळून जाणार कुठे?

दुपारी कुरव पक्षी एकदम कालवा करत उठले. शाझलीने पेला खाली ठेवला.

"आले."

"कोण?"

"गेल्या वर्षीचेच. त्या इंजिनाचा आवाज विसरतोय होय मी?"

इज्लालने वळून त्याच्याकडे पाहिलं. गेल्या वर्षी तर हा झोपला होता.

"शाझलीकाका, तुम्हाला कसं..."

"डॉक्टरबाई, इथून हलायचं नाही. काहीही दिसलं तरी हलायचं नाही."

"आणि तुम्ही?"

"माझं मी बघतो."

चुलीजवळच्या ढिगातलं एक लांब लाकूड त्याने उचललं आणि निघाला. सरळ खाली उतरला नाही. मागच्या उताराने, तिवरांना वळसा घालून गेला.

इज्लालने दुर्बीण डोळ्यांना लावली. बोट तिवरांपलीकडे लागली. तिघे उतरले. एकाच्या खांद्याला बंदूक, दुसऱ्याकडे झाकणाची टोपली. झाडांवरून त्यांची डोकी आणि खांदे तेवढे दिसत होते. मग शाझलीचं पांढरं मुंडासं त्यांच्यात मिसळलं.

बंदूकवाल्याने बंदूक रोखली आणि थोड्या वेळाने खाली घेतली. शाझली बोलतच होता. त्याने छातीवर हात ठेवून शपथ घेतली. मग दक्षिणेच्या दुसऱ्या बेटाकडे बोट दाखवलं. तिघे हसले. दोघांनी त्याच्या बगलेत हात घालून त्याला अलगद बोटीत चढवलं. जावयाचा काय तो थाट!

इज्लालला रडू फुटलं. काल याच माणसाने स्वतःच्या वाटची भाकरी तिच्यापुढे सरकवली होती. आता हे सगळे तिकडे दबा धरून बसतील. बेटावर एक बाई आहे, एकटी आहे, हे त्याने सांगितलं असणारच. उन्हं कलली की परत येतील. पिल्लांसाठी येतील आणि साक्षीदार नको म्हणून तिच्यासाठीही.

वॉकीटॉकीची बॅटरी संपत आली होती, दिवा सकाळपासून लाल होता. तिने बटण दाबलं.

"तीन चोर आहेत, दक्षिणेच्या बेटाकडे निघालेत. बंदूक आहे." "आमचा पहारेकरीही त्यांच्यातलाच."

"नक्की ना, ताई?" तटरक्षकांच्या माणसाने विचारलं.

"या डोळ्यांनी पाहिलंय. तो काही सांगायला लागला तर ऐकू नका."

"मग चौघांनाही चोरच धरतो. गेल्या महिन्यात अशांनीच आमचा एक माणूस मारला. यावेळी आधी गोळी, मग विचारपूस."

दिवा विझला. बॅटरी संपली.

अर्ध्या तासाने गस्तीची बोट फेस उडवत दक्षिणेकडे गेली. इज्लालने कितीतरी वेळाने मोकळा श्वास घेतला. कपारीत तिन्ही पिल्लं चोच वासून ओरडत होती. वाचली बिचारी.

खटला उभा राहिला तर पुरावा लागेल, म्हणून पावलांचे फोटो घ्यायला ती कॅमेरा घेऊन खाली उतरली. शाझलीच्याच वाटेने.

मागच्या उतारापासून तिवरांपर्यंत त्याची दोन्ही पावलं स्वच्छ उमटली होती, लांब लांब ढांगांची. तिवरांपुढे मात्र लाकूड टेकल्याची भोकं होती, एकाच पायाचे ठसे होते, आणि त्यांच्या शेजारून थेट पाण्यापर्यंत, वाळूत ओढत नेलेल्या पायाची एक रेघ.