थंड इंजिनाची अट

वेंडलने इंजिनाला तळहात टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"बाई, फोनवर काय ठरलं होतं आपलं?"

व्हर्लीनला काही कळेना. ती आत्ताच चर्चमधून येत होती. अंगावर रविवारचा निळा झगा, हातात केकचं रिकामं भांडं. "मी यायच्या आत गाडी सुरू करायची नाही, एवढंच म्हणाला होतात ना? नाही केली."

"मग हे काय? लावा हात."

तिने हात लावला. इंजिन चांगलं तापलेलं होतं.

जुनी क्रूझर मोटरसायकल घ्यायला आलेला माणूस आधी हेच बघतो. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं का, धूर किती सोडतं, आतून खडखड येते का, यातच गाडीची सगळी कुंडली असते. मालकाने आधीच तापवून ठेवली की दुखणं झाकलं जातं. म्हणून डकोटाच्या या माळावर कुणी न लिहिलेली रीत आहे. इंजिन गरम लागलं की बोलणं संपलं, गुमान आपल्या ट्रकमध्ये बसायचं. आणि वेंडल तर मागे ट्रेलर जोडून दीडशे मैल आला होता.

व्हर्लीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सत्तरी आली, पण आजवर तिला खोटारडी कुणी म्हटलं नव्हतं. आणि त्याहून मोठी धास्ती म्हणजे, गाडी आज गेली नाही तर? फेब्रुवारीत तिचा नवरा ऑरिन बर्फावर घसरला आणि खुब्याचं हाड मोडून बसला. हाड कधीच जुळलं. डॉक्टर म्हणाला, पाय ठणठणीत आहे, चाला आता. पण ऑरिन चाकाच्या खुर्चीतून उठेल तर शपथ! पंचवीस वर्षं याच गाडीवर ज्याने अर्धा देश पालथा घातला, तो माणूस सात महिने खिडकीशी बसून होता, तेही रस्त्याकडे पाठ करून. हळूहळू बोलणंही आटलं. शेवटी तिनेच विचारलं, "विकून टाकू का रे?" तो म्हणाला, "तुझी मर्जी." भांडला असता तर बरं वाटलं असतं तिला. डोळ्यांसमोरून ही गाडी हलली तर निदान माणूस तरी हाती लागेल, एवढीच आता तिला आशा होती.

"देवाशपथ सांगते, मी किल्लीला शिवलेसुद्धा नाही," ती म्हणाली. "नऊपासून चर्चमध्ये होते. घरात माझा नवरा तेवढा आहे, आणि तो तर खुर्चीतून उठत नाही."

"ठीक आहे, बाई. येतो मी," वेंडल म्हणाला.

तो निघालाच होता. पण हाताची खोड कुठे जाते? जाता जाता वाकून त्याने पुढच्या टायरवर हात ठेवला. मग मागच्या. मग तो चक्क फरशीवर मांडी ठोकून बसला.

"बाई, जरा इकडे या." त्याचा आवाज पार बदलला होता. "जागेवर सुरू ठेवली तर इंजिन तापतं, टायर नाही तापत. टायर तापायला गाडी पळवावी लागते. आणि हा दिव्यावरचा नाकतोडा बघा, अजून ओला आहे. हळू गेलेल्या गाडीवर असा चपटा होत नाही तो. ताशी सत्तर मैलांच्या खाली नव्हती ही." त्याने पाय ठेवायच्या पाटीवरून बोट फिरवलं. "अरे देवा! कड ताजी घासलीय. नदीच्या वळणावर गाडी रस्त्याला टेकेपर्यंत कलवलीय कुणीतरी! कोण तरणाबांड आहे हो घरात?"

"कुणी नाही," व्हर्लीन म्हणाली. हातातलं भांडं तिने खाली ठेवलं.

मागे जाळीचं दार करकरलं. ऑरिन बाहेर आला. पायांवर आला. कठडा धरून, एक एक पाऊल टाकत, पायरी उतरला. पांढरे केस वाऱ्याने मागे फेकलेले, चेहरा धुळीने माखलेला, फक्त डोळ्यांभोवती चष्म्याच्या दोन स्वच्छ खुणा.

"अगं बाई!" व्हर्लीनच्या तोंडून एवढंच निघालं. ती बघतच राहिली.

"अशी भूत बघितल्यासारखं काय करतेस?" ऑरिन गुरगुरला आणि वेंडलकडे वळला. "इंजिन तापवायचं नसतं हे मला कळतं, साहेब. पण स्वतः चालवून बघितल्याशिवाय मी आजवर एक गाडी विकलेली नाही. तुम्ही विचारणार काय काय दुखणी आहेत, आणि ही काय सांगणार, कप्पाळ? तेव्हा ऐका. दुसरा गिअर जरा अडतो. पुढचा ब्रेक मऊ आहे. कोपऱ्यापर्यंतच जाणार होतो मी. पण मग पूल आला, नदी आली, आणि..." त्याने टाकीवर हात ठेवला. "काय पळते हो अजून! काय पळते!"

वेंडलने डोक्यावरची टोपी काढली. गाडीकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं. मग तो ट्रेलरकडे गेला आणि गाडी चढवायला टाकलेली फळी उचलून आत सरकवू लागला.

ऑरिनला ते चांगलंच लागलं. "अहो, सगळं खरं सांगितलं ना तुम्हाला? मग कसली खोट काढली माझ्या गाडीत?"

"एकच," वेंडल म्हणाला. "मी वापरलेली गाडी घ्यायला आलो होतो. ही अजून वापरात आहे."