न उच्चारलेला शब्द

हेमलता वांगी निवडत होती, तेवढ्यात तिच्या नवऱ्यानं, दिगंबररावांनी, शेजारी उभ्या अनोळखी मुलीचा हात धरला आणि तिची जिलबी हिसकावून तोंडात कोंबली. मुलगी किंचाळली.

“पोर पळवतोय!” कुणीतरी ओरडलं, आणि भर बाजारात माणसं त्यांच्यावर तुटून पडली.

“मारू नका हो! मेंदूचा आजार आहे, मनात आलं की आवरत नाही त्यांना!” ती विनवत होती. कुणी ऐकेना.

“वेडे आहेत ते! वेडे!” शेवटी ती ओरडली.

हात थांबले. आजार कळल्यापासून हा शब्द तिनं सख्ख्या दिरालाही घरात उच्चारू दिला नव्हता.

माणसं पांगली. तिनं पदरानं त्यांच्या ओठांवरचं रक्त पुसलं.

“कोण वेडं गं?” दिगंबररावांनी काळजीनं विचारलं.