बाबांची पाळी

पानावर 'मंजूर' उमटलं होतं, आणि ते तिनं केलेलं नव्हतं.

दूध उतरवून ती परत आली, तेवढ्यात हे घडलं. खुर्चीत बाबा बसले होते. हातात माऊस, चेहऱ्यावर कामाचं समाधान. पान होतं लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं. बाटलीसोबत खोक्यात जाणारं माहितीपत्रक. अशी पत्रकं छपाईआधी तपासणं हे तिचं काम. हे तिनं अर्धंच वाचलं होतं. उरलेलं आता वाचलं. अर्ध्या चमच्याच्या जागी दीड चमचा पडला होता. एकदा मंजूर झालेलं पान थेट छापखान्यात जायचं. ते परत बोलावणं तिच्या हातात नव्हतं.

नोकरी तिची आणि हजेरी बाबांची, असा हा कारभार. टीममधले सगळे आपापल्या घरून काम करायचे, कुणी कुणाला भेटलेलं नव्हतं. स्क्रीनवर प्रत्येकाच्या नावापुढे हिरवा ठिपका. जरा वेळ माऊस हलला नाही की ठिपका पिवळा व्हायचा. पिवळा म्हणजे कामचुकार, असं कुणी कधी बोललं नव्हतं. तरी सगळ्यांना ते पाठ होतं. इकडे बाबांचं हल्ली काही लक्षात राहत नसे, दार उघडून ते कुठेही चालू लागायचे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पण त्यांचं आयुष्य कारखान्यात पाळ्या करण्यात गेलेलं, ते मात्र अंगात मुरलेलं होतं. हातात माऊस देऊन "बाबा, तुमची पाळी सुरू झाली" म्हटलं, की ते माऊस हलवत बसायचे, जागचे उठत नसत. आपल्या या हुशारीची तिला लाज वाटायची. पण सांगणार कुणाला? बाबा सोडले तर दिवसभर तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं, आणि बाबा तिला कधीकधी न ओळखता बाई म्हणून हाक मारायचे.

सकाळची मीटिंग सुरू झाली. कॅमेरे बंद. रोजच्यासारखे आधी मुकादम बोलले, "माझ्याकडे सगळं ठीक." मुकादम म्हणजे टीमचे प्रमुख. हे नाव तिनं मनातल्या मनात ठेवलं होतं, कारण त्यांचा आवाजच तसा होता, कोरडा, ऐकताच माणसानं सावरून बसावं असा. मग एकेक जण तेच म्हणत गेला. तेरी भी चूप, मेरी भी चूप. मागे एकानं इथंच आपली चूक कबूल केली होती. काही दिवसांनी त्याचं नाव स्क्रीनवरून गेलं. का गेलं, हे कुणी विचारलं नाही.

सिस्टीमनं घोटाळा केला म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. यंत्राला काय, तोंड नसतं. पण तो चमचा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"माझ्याकडे ठीक नाही," ती म्हणाली. "तापाच्या औषधाचं पत्रक चुकीचं गेलंय. डोस तिप्पट पडलाय. मी ते पूर्ण वाचलं नव्हतं, मंजूर माझ्या वडिलांनी केलं. त्यांना काही कळत नाही हो. मी उठले की माझा ठिपका तेच हिरवा ठेवतात. रोज."



"छपाई थांबवतो," मुकादम म्हणाले आणि त्यांचा माईक बंद झाला. ती बाबांचा हात धरून बसून राहिली. गेली नोकरी, तिनं मनाशी म्हटलं. बाबांची औषधं आता कुठून आणायची?

माईक पुन्हा सुरू झाला. "थांबली. अजून यंत्रावर चढलं नव्हतं."

मग त्यांचा कॅमेरा उघडला. असं याआधी कधीच झालं नव्हतं. दाढी वाढलेला, डोळे सुजलेला एक साधा माणूस दिसला. मागे रिकामा पलंग, त्यावर ताणून घातलेली चादर.

"माझा माऊस आई हलवायची," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात ती गेली. पहाटेच गेली. सकाळी मी मीटिंग घेतली, आणि सगळं ठीक म्हणालो. तुम्हाला सांगायची भीती वाटली मला. इतक्या लोकांत मी कुणालाच ओळखत नव्हतो."

बाबा पुढे वाकले आणि स्क्रीनवरच्या माणसाकडे निरखून बघत राहिले.

"आई गेली? आणि तू कामावर आलास?" ते कळवळून म्हणाले. "अरे बाळा, घरी जा. तुझी पाळी मी करतो."

मुकादमांनी डोळे पुसले.

"घरीच आहे, काका."